तीन मिनिटांचं प्रवचन आणि आपलं भांडण

यंदा आमच्या गावच्या सप्ताहात कीर्तनापेक्षा जास्त चर्चा मोबाइलची झाली. काल्याच्या आदल्या रात्री महाराजांनी अभंग मधेच थांबवला आणि पुढे ट्रायपॉड लावून बसलेल्या चार-पाच पोरांना उठवलं, आणि मग पुढचे आठ-दहा दिवस गावच्या ग्रुपवर सरळ दोन तट पडले. एका बाजूचं म्हणणं, कीर्तन ही समोरासमोरची गोष्ट आहे, ती यंत्रात गेली की मेली, वर त्यात जाहिराती घुसतात म्हणजे देवाचा उघड बाजार. दुसरी बाजू म्हणते, अहो शूट केलं नाही तर पुढच्या पिढीला दाखवणार काय, हे सगळं नष्ट होईल. मी सगळे मेसेज वाचले, मनापासून लिहिलेले होते, पण वाचताना सारखं वाटत राहिलं की ही माणसं असं भांडतायत जणू धर्माची वाणी यंत्रात भरायचा प्रसंग जगात पहिल्यांदाच आलाय. तो शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेत येऊन गेलाय, तिथल्या कृष्णवर्णीय चर्चमधे, आणि तिथे पुढे काय काय झालं ते आपल्याला आज माहीत आहे.

माझं म्हणणं आधीच सांगतो. रेकॉर्ड केल्याने प्रवचन बाटत नाही, आणि रेकॉर्ड केल्याने ते टिकतही नाही. बाटवणं काय आणि टिकवणं काय, दोन्ही माणसांची कामं आहेत. त्यामुळे ‘यंत्र चांगलं की वाईट’ हा वाद घालत बसण्यापेक्षा कुणी कुणासाठी रेकॉर्ड केलं, पैसे कुणाच्या खिशात गेले आणि ती तबकडी शेवटी कुणाच्या घरात राहिली, हे विचारायला पाहिजे. आमच्या ग्रुपवर हे एकानेही विचारलं नाही.

एप्रिल 1926 मधे कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीची माणसं रेकॉर्डिंगचं सामान घेऊन अटलांटाला गेली. तिथल्या रॉकडेल पार्क भागातल्या माउंट कॅल्व्हरी बाप्टिस्ट चर्चचे पाळक रेव्हरंड जे. एम. गेट्स यांना त्यांनी मायक्रोफोनसमोर उभं केलं, सोबत मागे साथ द्यायला थोडी मंडळी. ‘डेथ्स ब्लॅक ट्रेन इज कमिंग’ म्हणजे मृत्यूची काळी आगगाडी येतेय, या विषयावरची ती रेकॉर्ड एवढी चालली की त्याच वर्षी अर्ध्या डझनभर कंपन्या गेट्सच्या मागे लागल्या. 1941 पर्यंत या एका माणसाने तबकड्यांच्या दोनशेच्या वर बाजू भरल्या. 1943 च्या आधी अमेरिकेत जेवढी प्रवचनं तबकडीवर आली त्यातली कमीत कमी पाव एकट्या गेट्सची, असा अंदाज आहे. म्हणजे हे काही कोपऱ्यातलं प्रकरण नव्हतं, ब्लूज या कृष्णवर्णीयांच्या गाण्यांच्या रेकॉर्डींच्या बरोबरीने, त्याच दुकानात, त्याच 75 सेंटला प्रवचन विकलं जात होतं.

आता विरोधकांचं म्हणणं घेऊ, आणि नीट घेऊ, कारण त्यात दम आहे. पहिली गोष्ट वेळेची. दहा इंची तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं. ज्यांनी अमेरिकेच्या दक्षिणेतल्या बाप्टिस्ट चर्चमधलं प्रवचन ऐकलंय त्यांना माहितीये की ते सुरू होतं बोलण्यासारखं, अगदी सावकाश, मग आवाज हळूहळू सुरात जातो, मंडळी उत्तर द्यायला लागतात, आणि तासाभराने बोलणं कुठे संपलं आणि गाणं कुठे सुरू झालं ते सांगता येत नाही. हे तीन मिनिटांत कसं मावणार? आपल्याकडे कुणी नारदीय कीर्तनाचा पूर्वरंग कापून थेट आख्यानाचा शेवट ऐकवावा तसंच ते. दुसरी गोष्ट, ती मंडळी खरी मंडळी नव्हती. स्टुडिओत उभ्या केलेल्या दोन-चार बायका, त्यांनी ठरल्या जागी ‘आमेन’ म्हणायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात टोचणारी. कंपन्यांना काय खपतं ते कळलं होतं, आणि खपत होती भीती. मृत्यूची गाडी एकदा चालली म्हणून ती पुन्हा पुन्हा वेगवेगळ्या लेबलांवर काढली, नरकाकडे जाणारी एक्सप्रेस काढली, 1926 च्या नाताळच्या सुमाराला तर ‘यंदा मरणच तुमचा सांताक्लॉज असेल’ अशा अर्थाची रेकॉर्ड बाजारात आली. ए. डब्ल्यू. निक्स या दुसऱ्या पाळकाची नरकात जाणारी ‘ब्लॅक डायमंड एक्सप्रेस’ 1927 ला निघाली आणि खपली म्हणून तिचे पुढचे भाग काढत राहिले. हे सगळं खरं आहे. यातलं काही नाकारण्यात अर्थ नाही.

पण एक सांगा, ही रेकॉर्ड विकत घेणाऱ्या बाईला हे कळत नव्हतं का? ती दर रविवारी चर्चला जाणारी बाई, तिला तासाचं प्रवचन आणि तीन मिनिटांची तबकडी यातला फरक आपल्यापेक्षा जास्त ठाऊक होता. तिने ती चर्चच्या बदली घेतलीच नव्हती. 1916 ते 1940 या काळात सुमारे 16 लाख कृष्णवर्णीय माणसं दक्षिणेतली शेतं सोडून शिकागो, डेट्रॉईट, न्यूयॉर्क अशा शहरांत गेली. तिथली मोठी चर्च शिस्तीची, छापील कार्यक्रमाप्रमाणे चालणारी, तिथे ओरडून साथ दिली तर लोक मागे वळून बघायचे. गिरणगावात कोकणातून, घाटावरून आलेल्या लोकांनी चाळीच्या खोलीत भजनी मंडळ का काढलं हे ज्याला समजतं त्याला हेही समजेल, की कारखान्यातून दमून आलेल्या माणसाला गेट्सच्या आवाजात आपलं गाव ऐकू यायचं. रेल्वेच्या पुलमन म्हणजे झोपायच्या डब्यांतले कृष्णवर्णीय पोर्टर या रेकॉर्डी सामानात भरून जिथे दुकान नाही अशा दक्षिणेतल्या स्टेशनांवर नेऊन विकायचे. लोकांनी इतक्या खटाटोपाने मिळवलेली वस्तू निव्वळ बाजारू म्हणून बाजूला टाकताना मला तरी जीभ अडखळते.

आणि गेट्स फक्त भीतीच विकत होता असंही नाही. हप्त्यावर घेतलेल्या फर्निचरचे पैसे वेळेवर द्या यावर त्याचं प्रवचन आहे, साखळी दुकानांवर आहे, कुरळ्या केसांची लाज वाटून घेऊ नका यावर आहे, अगदी शेवटी 1941 मधे हिटलर आणि नरक यावर आहे. हे विषय कुठल्या धर्मग्रंथातले नाहीत, ते ऐकणाऱ्यांच्या स्वयंपाकघरातले आहेत. आपल्या संतांनी जातं, चूल, पिकाची राखण अभंगात आणली त्याचं आपण कौतुक करतो ना? मग हप्त्याच्या फर्निचरने प्रवचन हलकं होतं असं कसं म्हणायचं.

बाजाराचा आरोपही नवा नाही. 1871 मधे नॅशव्हिलच्या फिस्क विद्यापीठातली मुलंमुली कॉलेज वाचवायला गाणी म्हणत गावोगाव फिरली, तेव्हा त्यांचाच जीव कचरत होता. गुलामगिरीतली ती भजनं आईबापांची, पवित्र, ती परक्यांपुढे उघड्यावर म्हणायची नाहीत, असं त्यांना वाटायचं, हे त्यांच्यातल्याच एला शेपर्डने लिहून ठेवलंय. त्यांनी ती म्हटली, त्यातून पैसे उभे राहिले, कॉलेज उभं राहिलं, आणि 1909 मधे त्याच फिस्कच्या चार जणांनी व्हिक्टर कंपनीसाठी ती भजनं तबकडीवर भरली. पवित्र वस्तू बाजारात आली हे खरंच, पण आली म्हणून शाळा चालली, याचं काय करायचं? आपल्याकडे एकोणिसाव्या शतकात मुंबईत गणपत कृष्णाजींनी धर्माची पुस्तकं आणि पंचांगं छापायला घेतली तेव्हा शाईत चरबी असते म्हणून लोक छापील पोथीला शिवेनात, मग त्यांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली असं सांगतात. आज घराघरातली ज्ञानेश्वरी छापील आहे आणि पारायणाला बसताना शाईचा विचार कुणाच्या मनात येत नाही. आणि त्याच्याही आधी, ज्ञानेश्वरी मुळात बोललेली, सच्चिदानंदबाबांनी ती उतरवून घेतली. उतरवली म्हणून मेली असं म्हणणारा कुणी असेल तर त्याने पुढे यावं.

आता दुसऱ्या बाजूकडे वळतो, कारण तिकडे मी जास्त नाराज आहे. ‘रेकॉर्ड करा म्हणजे टिकेल’ ही समजूत ऐकायला चांगली आहे पण तिच्यात दोन मोठी भोकं आहेत.

पहिलं म्हणजे यंत्र सगळं ऐकत नाही. गेट्सच्या आधी, 1925 च्या सुरुवातीला कॅल्विन डिक्सन नावाच्या प्रवचनकाराचं प्रवचन कोलंबियाने भरलं होतं, गरुड आपलं घरटं कसं ढवळतो या बायबलमधल्या ओळीवर. ते फारसं चाललं नाही. तेव्हा रेकॉर्डिंग भोंग्यातून व्हायचं, मोठ्या कर्ण्यासमोर एका माणसाने जोरात बोलायचं, आवाजाच्या धक्क्याने सुई हलायची आणि मेणात रेघ उमटायची. त्यात मंडळींचं गुणगुणणं, मागून येणारा हुंकार, टाळ्या यांना जागाच नव्हती, डिक्सन एकटाच बोलतोय. म्हणूनच 1890 ते 1925 च्या मधली ख्रिस्ती भजनं ऐकलीत तर बहुतेक ठिकाणी हेन्री बर किंवा हेडन क्वार्टेट असे स्टुडिओतले तयार गायक ऐकू येतात, स्वच्छ, सरळ, दिवाणखान्यात शोभणारे. गरीब चर्चमधे लोक तसं गात होते म्हणून ते तसं आलं नाही, भोंग्याला तेवढंच पकडता येत होतं. 1925 मधे विजेचा मायक्रोफोन आला आणि पुढच्याच वर्षी गेट्सच्या मागच्या बायका ऐकू यायला लागल्या. मला तर वाटतं गेट्स यशस्वी झाला त्यात त्याच्या आवाजाइतकाच त्यांचाही वाटा आहे, कीर्तनात मागचे झील ओढणारे काढून टाका आणि बघा काय उरतं. त्या रेकॉर्डींमधे एक फार जुनी पद्धत सापडते, एकाने ओळ सांगायची आणि सगळ्यांनी ती लांबवत, वळवत म्हणायची, आयझॅक वॉट्स या अठराव्या शतकातल्या इंग्रज गीतकाराच्या नावाने तिला तिकडे ‘डॉक्टर वॉट्स’ म्हणतात. पुस्तकं नव्हती, वाचता येत नव्हतं, तेव्हाची ही सोय. मायक्रोफोन पाच-दहा वर्षं उशिरा आला असता तर? ती पद्धत तेव्हाही चालूच होती, पण तिच्या त्या काळाच्या आवाजाचा पुरावा आपल्याकडे नसता, आणि कुणीतरी आज ठामपणे सांगत असता की त्या काळी भजनं सरळ आणि स्वच्छच गायली जायची.

दुसरं भोक त्याहून मोठं. रेकॉर्ड केलेलं टिकतं असं म्हणता, मग या तबकड्यांचं काय झालं ते ऐका. मंदी आली, 1927 मधे अमेरिकेत दहा कोटींच्या वर तबकड्या विकल्या जात होत्या त्या 1932 मधे साधारण 60 लाखांवर आल्या, कंपन्या बुडाल्या किंवा विकल्या गेल्या, ज्या धातूच्या साच्यांवरून तबकड्या छापायच्या ते कितीतरी साचे भंगारात गेले. मग युद्ध आलं. आणि इथे आपल्याकडचा एक धागा येतो जो मला कायम हलवून जातो. ती 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे घेणारी तबकडी बनायची शेलॅकपासून, म्हणजे आपली लाख. पळस, कुसुम, बोर यांच्या फांद्यांवर लाखेचा किडा जे चिकट कवच करतो ते छोटा नागपूर भागातले आदिवासी खरवडून काढायचे, ते गाळून, पापड्या करून कलकत्त्याहून जहाजाने जायचं. अटलांटाच्या पाळकाचा आवाज झारखंडच्या जंगलातल्या लाखेवर कोरलेला होता. 1942 मधे युद्धामुळे ही आवक अडली, अमेरिकन सरकारने तबकड्यांसाठी शेलॅकचा वापर 70 टक्क्यांनी कापला, आणि नव्या तबकड्यांना माल मिळावा म्हणून लोकांकडून जुन्या गोळा करून दळल्या. त्यात कुणाकुणाचे आवाज गेले असतील त्याची यादी कुणी केली नाही.

मग आज जे ऐकायला मिळतं ते आलं कुठून? घरांतून. 1950-60 च्या दशकांत हौशी संग्राहक दक्षिणेतल्या कृष्णवर्णीय वस्त्यांमधे दारोदार फिरले, आणि पलंगाखाली, माळ्यावर, फडक्यात गुंडाळून ठेवलेल्या तबकड्या बाहेर आल्या. म्हाताऱ्या बायकांनी जपलेल्या होत्या, घासून घासून सुईने पांढऱ्या पडलेल्या. कितीतरी रेकॉर्डींच्या आज एक-दोनच प्रती माहीत आहेत आणि त्याही अशाच. ज्या कंपनीने त्या काढल्या तिच्या कपाटात बऱ्याचदा काही नव्हतं. गाथा इंद्रायणीत बुडवली आणि ती लोकांच्या तोंडी राहिली ही आपली गोष्ट आपण चमत्कार म्हणून सांगतो, पण तिच्यातला साधा भाग असा की लोकांना पाठ होती. पाठ नसती तर नदीने परत काय दिलं असतं?

अर्थात घरांनी जपलं म्हणून सगळं गोड झालं असंही मी म्हणणार नाही, कारण पैशाचा हिशोब बाकी आहे आणि तो वाईट आहे. अरिझोना ड्रेन्स नावाची आंधळी बाई, टेक्सासची, 1926 मधे शिकागोला जाऊन ओके (OKeh) नावाच्या रेकॉर्ड कंपनीसाठी पियानोवर अशी भजनं म्हणून आली की ती आजही ऐकताना बसून राहवत नाही. तिची कंपनीला पाठवलेली पत्रं शिल्लक आहेत, आजारी आहे, अडचण आहे, पैसे पाठवा. ब्लाइंड विली जॉन्सन, तोही आंधळा, तोही टेक्सासचा. 3 डिसेंबर 1927 ला डॅलसमधे त्याने ‘डार्क वॉज द नाइट’ भरलं. ख्रिस्ताला पकडण्याआधीच्या, गेथसेमाने बागेतल्या रात्रीचं अठराव्या शतकातलं एक इंग्रजी भजन, पण जॉन्सन त्यातला एक शब्दही म्हणत नाही, फक्त हुंकार देतो आणि गिटारच्या तारेवरून काहीतरी घासत नेतो, चर्चमधल्या मंडळींचं ते लांबवलेलं गुणगुणणं एकट्याच्या गळ्यात आणतो. 1977 मधे व्हॉयेजर यानातून माणसाची ओळख म्हणून जी सोन्याची तबकडी पाठवली तिच्यात हे आहे, ताऱ्यांमधल्या अवकाशात पोचलंय. आणि जॉन्सन 1945 मधे बोमाँट गावात वारला, घर जळालं होतं, त्या जळक्या घरातच ओल्या अंथरुणावर झोपत होते असं त्याच्या बायकोने पुढे सांगितलं. जो म्हणतो यंत्राने त्याला अमर केलं त्याने हे दोन्ही एका दमात म्हणून बघावं.

एक गोष्ट मात्र यंत्राच्या बाजूने लिहायलाच हवी, कारण ती विरोधकही विसरतात. बाप्टिस्ट चर्चमधे बाईला प्रवचनाला उभं राहू देत नसत, सँक्टिफाइड म्हणजे पवित्र जगण्यावर भर देणाऱ्या पंथांच्या छोट्या चर्चमधे तेवढी मोकळीक होती. रेकॉर्ड कंपन्यांना धर्मशास्त्राशी देणंघेणं नव्हतं. 1927 मधे सिस्टर मेरी नेल्सनचं ‘जजमेंट’ निघालं, त्याच सुमाराला रेव्हरंड लिओरा रॉसच्या रेकॉर्डी आल्या, आणि ज्या घरांमधला पुरुष बाईचं प्रवचन ऐकायला पायरी चढला नसता त्या घरात तिचा आवाज टेबलावरून घुमला. बाजाराने इथे नकळत दार उघडलं. आपल्याकडे महिला कीर्तनकारांना आजही काही ठिकाणी नाकं मुरडतात, आणि त्यांचं कीर्तन लांबच्या तालुक्यापर्यंत कशामुळे पोचलं ते आमच्या ग्रुपवरच्या मंडळींनी आठवून बघावं.

डिक्सनचा तो गरुड पुढे परत आला. 1953 पासून डेट्रॉईटच्या हेस्टिंग्ज स्ट्रीटवरचा जो वॉन बॅटल हा दुकानदार रेव्हरंड सी. एल. फ्रँकलिन यांची प्रवचनं त्यांच्याच चर्चमधे, खऱ्या मंडळींसमोर रेकॉर्ड करून विकायला लागला. (फ्रँकलिन म्हणजे गायिका अरीथाचे वडील.) त्यात त्याच गरुडाच्या ओळीवरचं प्रवचन आहे, आणि ते तीन मिनिटांचं नाही, सावकाश सुरू होऊन सुरात चढत जाणारं पूर्ण प्रवचन आहे, कारण मुख्य म्हणजे रेकॉर्ड करणारा त्याच वस्तीतला होता, त्याला काय कापायचं नाही हे माहीत होतं. रस्ता पुढे महामार्गासाठी पाडला, दुकान गेलं, पण ते प्रवचन आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनी नोंदवहीत आहे. तीन मिनिटांवर टीका करणाऱ्यांना मी हेच दाखवीन, लांबी वाढली हे तर झालंच, पण बटण कुणाच्या हातात आहे तेही बदललं.

मालकीचंही असंच आहे. अमेरिकेच्या 2018 च्या कायद्याने जुन्या रेकॉर्डी एकेक वर्षाने मोकळ्या होतायत, 1925 मधे निघालेल्या 1 जानेवारी 2026 ला, 1926 च्या म्हणजे गेट्सच्या पहिल्या 1 जानेवारी 2027 ला. शंभर वर्षं. ज्या समाजाने त्या विकत घेतल्या, जपल्या, त्याला त्या मुक्तपणे वाजवायला शंभर वर्षं. आपल्याकडे ध्वनिमुद्रणाला प्रसिद्धीपासून 60 वर्षं आहेत, म्हणजे आज एखाद्या पोराने चॅनेलवर टाकलेलं कीर्तन त्याच्या किंवा उद्या ज्या कंपनीला तो विकेल तिच्या नावावर 60 वर्षं. महाराजांना हे कुणी सांगितलंय का? सप्ताह कमिटीला?

म्हणून कमिटीच्या पुढच्या बैठकीत मी बंदीलाही हात वर करणार नाही आणि मोकाट शूटिंगलाही नाही. माझी मागणी एवढीच आहे की रेकॉर्डिंग गावाने करावं, महाराजांना विचारून, पूर्ण करावं, पहिल्या ‘जय जय राम कृष्ण हरी’पासून शेवटच्या आरतीपर्यंत, एक प्रत देवळात आणि एक शाळेत ठेवावी, आणि सोबत एक वही. तिच्यात तारीख, अभंग, महाराजांचं नाव, मृदंग कुणाचा, आणि मागे झील ओढायला उभे असलेल्या प्रत्येकाचं नाव. गेट्सच्या कितीतरी तबकड्यांच्या लेबलवर ‘गाण्यासह प्रवचन’ एवढंच छापलेलं आहे. मागच्या त्या बायका कोण होत्या ते लिहिलेलं नाही.